कोणता मासा घरी न्यायचा, कोणता पाण्यात सोडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणारे चार मित्र वर्षभरापासून सुट्टीच्या दिवशी धरणांच्या बॅकवॉटरला रॉड घेऊन जातात. मागच्या आठवड्यात, जूनच्या पहिल्या पावसात, ते एका ओढ्याच्या तोंडाशी बसले होते. गावातल्या एका आजोबांनी हटकलं, "गाभोळीवरचा मासा धरू नका रे. आणि परवानगी तरी घेतलीय का?" त्यांना विचारायचंय की नियम नक्की कोणते, धरलेला प्रत्येक मासा सोडायलाच हवा का, आणि सोडलेला मासा खरंच जगतो का.

त्या आजोबांनी दोन वाक्यांत सांगितलं त्यात बहुतेक सगळं आलं. मी तेच जरा विस्ताराने सांगतो. मी ३१ वर्षं गळ टाकतोय, बहुतेक भोर, पानशेत, मुळशी या भागात आणि अधूनमधून कोकणातल्या नद्यांवर. सुरुवातीची बरीच वर्षं मला कुणी हटकलं नाही, आणि त्या वर्षांत मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही टाळू शकता.

आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. "सगळे मासे सोडा" हा नियम नाही, आणि "पैसे भरलेत, सगळे न्या" हाही नाही. तुम्ही बसलात त्या पाण्यात तो मासा आला कुठून आणि त्याची पुढची पिढी येणार कुठून, एवढं बघायचं. ते कळलं की कोणता न्यायचा आणि कोणता सोडायचा हे आपोआप ठरतं.

आपल्या धरणांत तुमच्या गळाला जास्तीत जास्त लागणार ते कटला, रोहू, मृगळ आणि सिप्रिनस (बाहेरून आणलेला कार्प). यातले पहिले तीन मुख्यतः उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं, म्हणून आज देशभर त्यांचं बीज मिळतं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच. आपल्या धरणांत दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली जाते आणि वाढलेला मासा काढला जातो. म्हणजे या माशांच्या बाबतीत धरण हे शेत आहे. ते पीक कुणाचं तरी आहे, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेचं किंवा ठेकेदाराचं. त्यांची परवानगी घेऊन, ठरलेले पैसे देऊन दीड-दोन किलोचा रोहू घरी नेऊन खाल्लात तर नदीचं काही बिघडत नाही. तो निःसंकोच न्या. माझ्या घरी अजूनही असा मासा येतो.

चिलापीचं तर उलटच. हा आफ्रिकेतून आलेला मासा इथे इतका फोफावला की उजनीत जाळ्यात मुख्यतः तोच येतो. तो वर्षातून अनेकदा वितो, अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो, आणि स्थानिक माशांची जागा अन् अन्न दोन्ही बळकावतो. चिलापी गळाला लागला की परत सोडू नका. लहान असला तरी सोडू नका. थाई मागूर हाही बाहेरचाच मासा, तो तर पाळायला आणि विकायलाच देशात २००० पासून बंदी आहे. फिशटँकमध्ये काच साफ करायला ठेवतात तो सकर मासा, लोकांना तो मोठा झाल्यावर मारवत नाही म्हणून नदीत सोडतात, आणि आता तो भीमेच्या पाण्यात जाळी फाडतोय. तो लागला तर काठावर फेकून तडफडत ठेवू नका, डोक्यावर फटका मारून मारा आणि पुरून टाका. पण पाण्यात परत नाही.

उरतात ते आपल्या नद्यांचे स्वतःचे मासे. महाशीर, कोळशी, शिवडा, मरळ, वाम, शेंगाळ. यांचं बीज सहसा कुणी सोडत नाही. यांची पुढची पिढी त्याच ओढ्यात, त्याच डोहात, त्याच माद्यांच्या पोटातून येते. नियम कडक हवेत ते यांच्यासाठी.

आता पावसाकडे येऊ. तुम्ही ज्या दिवशी तिथे बसला होता तो दिवस त्या पाण्यासाठी वर्षातला सगळ्यात नाजूक. कोकणात याला चढणीचे मासे म्हणतात, काही भागांत वळगण म्हणतात. मृगाचा जोरदार पाऊस झाला, ओढे तांबड्या पाण्याने फुगले, की खालच्या डोहातून मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. मी एकदा महाडकडच्या एका खेड्यात रात्री हे जवळून पाहिलं. घोट्याएवढ्या पाण्यातून, भाताच्या खाचरात उतरणाऱ्या एका पाटातून, वीतभर मासे पाठ उघडी टाकून वर सरकत होते. बॅटरीच्या उजेडात त्यांच्या पाठी ओल्या दगडांसारख्या चमकत होत्या. एकेक मासा दगडाला अडला की कुशीवर आडवा होऊन, शेपटीचे दोन फटके मारून पुन्हा वर जात होता. त्यांची पोटं इतकी भरलेली होती की एक मासा हातात घेतला तर बोटांच्या नुसत्या दाबाने अंडी बाहेर आली.

हे मासे वर का जातात तर तिथलं नवं पाणी उथळ, हवेशीर असतं, त्यांना खाणारे मोठे मासे तिथे नसतात, आणि पाण्याखाली गेलेल्या गवतात पिल्लांना खायला भरपूर असतं. पाऊस ओसरला की पिल्लं पाण्याबरोबर खाली येतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या चढणीचे मासे धरत आलेत, हे मला माहीत आहे आणि त्याला मी नावं ठेवत नाही. घरच्या कालवणापुरते चार मासे, तेही हाताने किंवा टोपलीने. आता मात्र ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचं जाळं लावतात, आणि शहरातून गाड्या भरून माणसं येतात. आपण त्या गर्दीत भर घालायची नाही. किलोभर वजनाच्या रोहूच्या मादीत दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. महाशीरची मादी किलोमागे काही हजारच देते. म्हणजे महाशीरची एक मादी पावसात गेली की तो फटका भरून यायला वर्षं लागतात.

समुद्रात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोड्या पाण्यात मी माझी बंदी त्याहून लांब ठेवलीय. १ जून ते ३० सप्टेंबर वाहत्या पाण्यात गळ नाही, ओढ्याच्या तोंडाशी नाही, धरणाच्या सांडव्याखाली तर नाहीच. सप्टेंबरपर्यंत का, तर महाशीर पाऊसभर थोडी थोडी अंडी घालत राहतो, वाहत्या पाण्यातल्या खडी-गोट्यांवर. त्या खडीतून चालतही जाऊ नका, अंडी तुमच्या बुटाखाली असू शकतात. सांडव्याखाली का नाही, तर वर चढू पाहणारा मासा भिंतीला अडून तिथे गोळा होतो. तिथे गळ टाकला की भराभर लागतो, आणि नवख्या माणसाला वाटतं जागा फार चांगली आहे. तो मासा भुकेला म्हणून तिथे आलेला नाही, रस्ता बंद झाला म्हणून अडकलाय.

मरळीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण रॉडवाल्यांमध्ये सध्या तिचं वेड आहे. रबरी बेडूक पाण्यावरून ओढत आणायचा आणि मरळ उसळून त्याच्यावर पडते, तो क्षण खरोखर थरारक असतो. पण मरळ हा पिल्लं सांभाळणारा मासा. शेवाळात, पाणवनस्पतीत घरटं करतात, अंडी तरंगतात, आणि नर-मादी दोघंही राखणीला असतात. पावसाळ्यात शांत पाण्यावर तुम्हाला ताटाएवढा तांबूस-नारिंगी ठिपका दिसेल. आधी वाटतं पाण्यावर काहीतरी सांडलंय. मग तो ठिपका हलतो, पसरतो, पुन्हा गोळा होतो, आणि मधूनच त्यातून पावसाचे थेंब पडावेत तसे बुडबुडे उठतात. ती शेकडो पिल्लं एकत्र हवा घ्यायला वर येत असतात. त्यांच्या हातभर खाली आई-बाप असतात. त्या झुबक्यावर बेडूक टाकला की मरळ हमखास येते. भूक लागली म्हणून नाही, पिल्लांवर धाड आली म्हणून. अशी मरळ काढून पाच मिनिटं बाहेर ठेवलीत तरी तेवढ्यात चिलापी आणि इतर मासे झुबक्यात शिरतात. मग मरळ जिवंत सोडूनही काही उरत नाही. पिल्लांच्या झुबक्यावर गळ टाकणं मी शिकारीत धरतच नाही. कुणी तसा व्हिडिओ दाखवला तर त्याला हे समजावून सांगा, बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं.

महाशीर आपला आहे, अगदी पुण्याचा. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३९ मध्ये ज्या माशाचं शास्त्रीय वर्णन छापलं तो त्याला पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळाला होता, आणि त्याने नाव दिलं खुद्री. टोर खुद्री हे नाव आजही तेच आहे. कोलस, नुक्ता, पोटेल अशी इतरही नावं त्याने इथल्या भोयांच्या, कोळ्यांच्या तोंडची उचलली, म्हणून जगभरच्या पुस्तकांत आज मराठी नावाचे मासे आहेत. त्या मुळा-मुठेत पुण्याच्या खाली आज खुद्री सापडत नाही. पण काही डोह लोकांनी राखले. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाडा गावाजवळ वैतरणेवर तिळसे आहे. देवाचे मासे म्हणून तिथे कुणी त्यांना हात लावत नाही, लोक उलट खायला टाकतात. तिथे जाऊन नुसतं काठावर बसा. मोठा महाशीर पाण्यात कसा वळतो, प्रवाहात कुठे उभा राहतो, ते तासभर पाहिलंत तर पुढच्या दहा वर्षांचं शिक्षण होतं. गळ मात्र गाडीतसुद्धा ठेवू नका.

महाशीरच्या गोष्टीत एक धडा असाही आहे जो चांगल्या हेतूने काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवा. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर १९७० च्या दशकात खुद्रीचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं आणि पिल्लं देशभर पाठवली गेली. त्यातली काही कावेरीत गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. आपला खुद्री तिथे पसरला आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. हे कळलं कशावरून, तर कावेरीवरच्या गालिबोरेच्या मासेमारी छावणीत गळाने मासे धरणाऱ्या लोकांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदींवरून. कोणत्या दिवशी, कोणता, केवढा मासा लागला, एवढंच त्यात होतं. २०१८ मध्ये त्या माशाला टोर रेमादेवी हे नाव पक्कं झालं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

यातून दोन कामं निघतात. एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात कधीही सोडू नका, मग तो कितीही चांगला असो. जिवंत आमिष म्हणून पकडलेले बारके मासे बादलीतून दुसऱ्या धरणावर नेऊन, उरलेले तिथे ओतणं यातच येतं. आणि वही ठेवा. तारीख, जागा, पाण्याची पातळी, किती तास बसलात, काय लागलं, किती लांब, सोडला की नेला. काही लागलं नाही तो दिवसही लिहा. माझ्या वहीत भाटघरच्या एका कोपऱ्यावरची २२ वर्षं आहेत. तिथे कोळशी कोणत्या वर्षापासून मिळेनाशी झाली ते मी बोट ठेवून दाखवू शकतो, आणि ती पानं एका माशांवर काम करणाऱ्या विद्यार्थिनीला उपयोगी पडली.

आता तुमचा तिसरा प्रश्न, सोडलेला मासा जगतो का. जगतो, पण तुमच्या हातात तो किती वेळ आणि कसा होता त्यावर.

२००६ च्या एप्रिलात मला एका बॅकवॉटरला सहाएक किलोचा महाशीर लागला. मी बारीक तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) वापरत होतो, त्यात मोठेपणा वाटायचा. मासा काढायला ३५ मिनिटं लागली. काढला तो तापलेल्या कातळावर. कॅमेरा मित्राकडे होता आणि मित्र पाण्याच्या पलीकडच्या टोकाला. तो येईपर्यंत मी मासा मांडीवर घेऊन बसलो. मग फोटो, उभा धरून, आडवा धरून. पाण्यात सोडल्यावर तो हळूहळू खोल गेला आणि मी समाधानाने झोपलो, तिथेच मुक्काम होता. सकाळी तो काठापासून तीस पावलांवर पोट वर करून तरंगत होता. उचलून पाहिला. कुशीवर माझ्या तळहाताचा ठसा होता, तेवढ्या जागची बुळबुळ सुकून खवले निस्तेज पडले होते. मासा पोहत गेला म्हणजे वाचला, असं त्यानंतर मी कधी धरलं नाही.

काय झालं होतं ते नंतर वाचून समजून घेतलं. लांबलेल्या झुंजीत माशाच्या स्नायूंत आम्ल साठतं, माणूस जीव तोडून धावल्यावर होतं तसं. ते निघायला त्याला प्राणवायू लागतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. एप्रिल-मेमध्ये उथळ पाणी त्याहूनही तापतं. म्हणजे ज्या वेळी त्याला जास्त हवा तेव्हाच कमी. त्यात मी त्याला पाण्याबाहेर ठेवलं. बाहेर काढलेल्या माशाचे कल्ले एकमेकांना चिकटतात, तो श्वास घेऊच शकत नाही. आणि अंगावरची बुळबुळ हेच त्याचं कातडं, बुरशी आणि रोगांना अडवणारं. ती कोरड्या हाताने, कातळाने, टॉवेलने निघते.

म्हणून आता असं करतो. जिथे पाच-सहा किलोचा मासा अपेक्षित आहे तिथे दहा-बारा किलो ताण सोसणारी दोरी, म्हणजे झुंज पाच-सात मिनिटांत संपते. गळ एकेरी, तीन तोंडांचा नाही. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो तो पकडीने दाबून सपाट करायचा. मासा सुटेल अशी भीती वाटते, पण दोरी ताणलेली ठेवली तर फारसा सुटत नाही, आणि गळ काढायला एक सेकंद लागतो. (तुमच्या स्वतःच्या बोटात गळ गेला तरी हाच फायदा, आणि तो एक दिवस जाणारच.) रबराच्या बारीक आसाची हातजाळी, गाठीच्या नायलॉनची नको. मासा जाळीत, जाळी पाण्यात, आणि गळ पाण्यातच काढायचा. हात आधी भिजवायचे. कल्ल्यांत बोट घालायचं नाही, जबड्याला धरून उभा टांगायचा नाही. मोठ्या माशाचं सगळं वजन मग मणक्यावर आणि जबड्यावर येतं. फोटो हवाच असेल तर मित्राने मोबाइल तयार धरल्यावर, एक हात शेपटीच्या बुंध्याला, दुसरा पोटाखाली, पाण्यापासून वीतभर वर, आणि तुम्ही जेवढा वेळ श्वास रोखू शकता त्याच्या निम्म्यात परत पाण्यात.

गळ घशात खोल गेला असेल तर उपटू नका. पक्कड आत घालून शोधाशोध करण्यापेक्षा तंगूस तोंडाजवळ कापून सोडलेला मासा जगण्याची शक्यता जास्त असते. अशा वेळी साधा लोखंडी गळ बरा, स्टेनलेसचा गंजत नाही. सोडताना मासा प्रवाहाकडे तोंड करून शांत धरायचा. मागे-पुढे हलवायचा नाही, मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. तो शेपूट मारून स्वतः हातातून निघेपर्यंत थांबायचं, दहा मिनिटं लागली तरी. आणि दुपारी पाणी अंगाला कोमट लागत असेल तर महाशीरच्या मागे जायचंच नाही. मी मार्चअखेरीपासून फक्त पहाटेचे तीन तास बसतो.

वजनासाठी काट्याला टांगायची गरज नाही. शिंप्याच्या टेपने लांबी आणि पोटाचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले २९,०००. ८० सेंटिमीटर लांब आणि ४५ घेराचा मासा साधारण साडेपाच किलोचा निघतो. अंदाजच आहे, पण वहीसाठी पुरेसा.

घरी न्यायचा ठरवलेला मासा मात्र तिथेच, ताबडतोब, डोळ्यांच्या जरा मागे डोक्यावर जड लाकडाचा एक नेमका फटका मारून मारा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धा तास तडफडत ठेवणं क्रूर आहे, आणि त्या माशाची चवही उतरते. माणशी दोन मासे पुरतात. शिवडा किंवा वामसारखा स्थानिक मासा खायचाच असेल तर मधल्या आकाराचा न्या. लहान अजून एकदाही व्यालेला नसतो आणि सगळ्यात मोठी असते ती बहुधा जुनी, सर्वाधिक अंडी देणारी मादी. लोक नेमकी तीच फोटोसाठी मारतात. महाशीर, कोळशी, आणि ज्याचं नाव तुम्हाला ओळखता येत नाही असा कोणताही मासा, परत.

परवानगीचं सांगतो. बहुतेक धरणांची जागा जलसंपदा विभागाची, मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागाकडून ठेक्याने संस्थेला. मुळशी, वळवण, शिरवता, ठोकळवाडी ही टाटा पॉवरची. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारलंत तर कोणतं पाणी कुणाकडे ते कळतं. मग संस्थेच्या माणसाला भेटा, रॉडने करणार आहोत, जाळं नाही, हे स्पष्ट सांगा. माझा अनुभव असा की सांगून आलेल्या माणसाला ते सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांनी लावलेली जाळी, तरंगे यांच्या जवळ गळ टाकू नका, तुमचा अडकलेला गळ काढताना त्यांचं जाळं फाटतं आणि ते त्यांच्या पोटावर येतं.

अभयारण्यात परवानगी मागायलाही जाऊ नका. कोयनेचा शिवसागर आणि चांदोली हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, नांदूरमधमेश्वर पक्ष्यांचं अभयारण्य आहे. तिथे वन्यजीव कायदा लागतो. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी २०२० मध्ये एक नवा बोटभर मासा सापडला आणि ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाली. तिथल्या कुंडात तर हातही घालू नका. कासव गळाला लागलं तर तेही कायद्याने संरक्षित आहे. शक्य तितका तंगूस जवळ कापून लगेच सोडा, घरी बादलीत आणू नका. सुरुंग आणि विष घालून मासे मारणं १८९७ च्या मत्स्योद्योग कायद्यापासून गुन्हा आहे. तरीही जिलेटिन फुटतं, ब्लीचिंग पावडर ओतली जाते, बॅटरीचा करंट सोडला जातो. डोहात एका सकाळी लहान-मोठे सगळेच मासे, खेकडे, बेडूक पांढरे होऊन तरंगताना दिसले तर समजा की रात्री काय झालं. तिथे भांडायला उभे राहू नका, फोटो आणि ठिकाण घेऊन पोलीस आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. ते पाणी पिऊ नका आणि तो मासा उचलू नका.

तंगूसबद्दल दोनच वाक्यं, पण मनापासून. मी एका बाभळीवर पाणकावळा सुकलेला पाहिलाय, पंखाला गुंडाळलेला कुणीतरी टाकलेला तंगूस फांदीत अडकून. तुटलेला प्रत्येक हातभर तुकडा खिशात घालून घरी आणा, बारीक कापून कचऱ्यात टाका. गळाला वजन म्हणून शिशाच्या ऐवजी दगड किंवा लोखंडी नट बांधा. ब्रिटनमध्ये शिसं गिळून हंस मरायला लागले तेव्हा १९८७ मध्ये गळाच्या छोट्या शिशांची विक्री बंद करावी लागली.

स्वतःच्या जिवाचंही. धरणाखालच्या नदीत पाणी सोडतात तेव्हा भोंगा प्रत्येक वेळी ऐकू येईलच असं नाही. कोरड्या दगडाची रेघ पाण्याखाली जाताना दिसली की सामान तिथेच टाकून वर या.

आत्ता जून चालू आहे. ऑक्टोबरपर्यंत नदीला मोकळं सोडा आणि तोवर तुमचे सगळे गळ पकडीने दाबून ठेवा, तीन तोंडांचे काढून एकेरी लावा. पावसात हात शिवशिवलेच तर ओळखीच्या शेतकऱ्याचं शेततळं बघा, मालकाला विचारून. बऱ्याच शेततळ्यांत चिलापी घुसलेला असतो आणि मालक तुम्हाला आनंदाने बसवतो. कणकेत थोडा ठेचलेला लसूण, वाटाण्याएवढी गोळी, ८ नंबरचा गळ, तरंगा हातभर वर. लागतील तेवढे न्या.